औषधाची रिकामी बाटली : फवारणीचे शेवटचे काम



ऊस पिकावरील कीड, रोग आणि तण यांसंबंधी या अंकांतून वेळोवेळी माहिती दिली जाते. कोणते औषध, किती पाण्यात, केव्हा मारायचे, हे आता बहुतेक सभासदांना तोंडपाठ आहे. मात्र औषध संपल्यानंतर जी बाटली, डबा किंवा पुडा हातात उरतो त्याचे काय करायचे, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. पंप भरला की बाटली बांधावर भिरकावली जाते. काही बाटल्या पाटात जातात, काही विहिरीच्या काठावर पडून राहतात, तर काही चांगला डबा दिसला म्हणून घरी नेल्या जातात. प्रस्तुत लेखात या रिकाम्या बाटलीचाच विचार करावयाचा आहे. फवारणी पंप धुतला म्हणजे संपत नाही, बाटलीची नीट वाट लावली म्हणजे संपते.

१. बाटली 'रिकामी' म्हणजे काय?

आपण बोलताना 'औषध मारलं' म्हणतो. जुना शब्द आहे, चालतो. पण ते विष असते हे विसरून चालणार नाही. बाटली उलटी केली, शेवटचा थेंब पडला, म्हणजे ती रिकामी झाली असे आपल्याला वाटते. वास्तविक दाट औषध बाटलीच्या आतल्या अंगाला, खांद्यापाशी, मुठीच्या पोकळीत आणि बुचाच्या आट्यांत चिकटून राहते. तेलकट औषधे तर प्लास्टिकमध्ये थोडी मुरतातही. म्हणून साबण-सोड्याने घासून काढलेली बाटलीदेखील खाण्यापिण्याच्या वस्तूसाठी कधीच योग्य होत नाही.

बाटलीवरील चौकोनी खूण आपण जाणतोच. लाल म्हणजे अति तीव्र विष, पिवळी म्हणजे तीव्र विष, निळी म्हणजे मध्यम आणि हिरवी म्हणजे त्यामानाने कमी विषारी. हिरवी खूण म्हणजे निर्धोक, असा अर्थ कोणी काढू नये. त्या औषधाची बाटलीही इतर बाटल्यांप्रमाणेच हाताळावयाची आहे.

२. धोका कोणाला?

औषध मारणारा माणूस निदान सावध असतो. बाटली जिथे पडते तिथे येणारा माणूस सावध नसतो, त्याला लेबल वाचता येत नाही किंवा लेबल निघून गेलेले असते. खरा धोका तिथे आहे.

बिहारमधील सारण जिल्ह्यात धर्मासती गंडामन या गावी १६ जुलै २०१३ रोजी प्राथमिक शाळेत दुपारचे जेवण खाऊन २३ मुले दगावली. तपासणीत स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. तेल कीटकनाशकाच्या जुन्या डब्यातून आले असावे, असा संशय त्या वेळी पुढे आला. हे औषध आपल्याकडेही वर्षानुवर्षे घरोघर वापरले गेले. त्याच्या ३६ टक्के द्रावणावर बंदीचा आदेश केंद्र सरकारने २०२३ मध्ये काढला. परंतु कोणाच्या गोठ्यात, माळ्यावर, पंपाच्या खोपटात त्याचे जुने डबे आजही असू शकतात. ते एकदा शोधून पाहावेत.

आता आपल्या भागाकडे वळू. दिवाळीच्या सुमारास हंगाम सुरू होतो आणि बीड, जालना, परभणीकडून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. फडाच्या कडेला कोप्या पडतात. या मंडळींजवळ भांडी मोजकीच. पाणी लांबून आणायचे. बांधावर पाच लिटरचा पांढरा कॅन दिसला की तो उचलून, विसळून पाण्यासाठी ठेवला जातो. त्यात त्यांची चूक काय? डब्यात काय होते हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. आईबाप फडात, आणि कोपीत राहिलेली चार-पाच वर्षांची पोरं त्याच डब्यातलं पाणी पितात, बुचांशी भातुकली खेळतात. ज्यांच्या कोयत्यावर आपला ऊस गाळपाला जातो त्यांच्या लेकरांना आपल्या बांधावरून विष मिळू नये, एवढी जबाबदारी आपलीच आहे.

तिसरा धोका पाण्याचा. भीमा, सीना आणि उजनीच्या कालव्यांवर आपली शेती उभी आहे. सोलापूर शहराचे पिण्याचे पाणीही उजनीचेच. पाटात टाकलेली बाटली पाण्याबरोबर पुढच्या शेतात, ओढ्यात, नदीत जाते. विहिरीच्या काठावर धुतलेल्या बाटलीचे पाणी झिरपून विहिरीतच उतरते. काही कीटकनाशके माशांना अत्यंत अल्प प्रमाणातही मारक असतात.

चौथा धोका पिकाचा. २,४-डी हे तणनाशक उसात चालते, पण द्राक्ष आणि कापूस यांना त्याचा अंशही सोसत नाही. पाने पंज्यासारखी आखडतात, शेंडे वाकतात. त्याची बाटली धुतलेले पाणी पाटाने शेजारच्या बागेत गेले, किंवा त्याच डब्यात दुसरे औषध कालवले, तर वर्षाच्या कष्टाचे नुकसान आणि वर शेजाऱ्याशी भांडण, असे दोन्ही पदरात पडते.

३. कायदा काय सांगतो?

कीटकनाशकांसाठी १९६८ चा कायदा आणि त्याखालील १९७१ चे नियम आहेत. त्यांतील नियम ४४ रिकाम्या वेष्टनांविषयी आहे. त्याचा आशय असा : वापरलेली वेष्टने, उरलेले औषध आणि धुण्याचे पाणी यांची वासलात पाणी व परिसर दूषित होणार नाही अशा रीतीने लावावी, वेष्टने पुन्हा वापरली जातील अशी उघड्यावर टाकू नयेत, ती फोडून वस्तीपासून दूर पुरावीत. ही जबाबदारी औषध तयार करणाऱ्यांवर आहे तशीच वापरणाऱ्यांवरही आहे.

नियम झाला त्या काळात पत्र्याचे डबे आणि काचेच्या बाटल्या अधिक होत्या. आज बहुतेक माल प्लास्टिकमध्ये येतो. पत्रा गंजून जातो, प्लास्टिक जमिनीत पिढ्यान् पिढ्या तसेच राहते. म्हणून फोडणे आणि पुन्हा वापरू न देणे हा नियमाचा गाभा कायम ठेवून, धुतलेले प्लास्टिक गोळा करून पुनर्वापराच्या कारखान्याकडे पाठविणे ही वाट जगभर स्वीकारली जात आहे. आपल्याकडेही २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांत २०२२ साली दुरुस्ती होऊन, प्लास्टिकच्या वेष्टनात माल बाजारात आणणाऱ्यांवर त्या प्लास्टिकची जबाबदारी टाकण्यात आली आहे.

४. तीन वेळा धुणे

बाटली फवारणीच्या जागीच, औषध पंपात ओतल्याबरोबर धुवावी. संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी धुवू म्हटले की औषध वाळून चिकटते आणि मग निघत नाही. पद्धत पुढीलप्रमाणे :

(अ) हातमोजे, तोंडावर फडके आणि डोळ्यांना चष्मा असावा. बाटली पंपावर उलटी धरून धार संपेपर्यंत, आणि धार संपल्यावर थेंब पडत असताना आणखी अर्धा मिनिट निथळू द्यावी.

(आ) बाटलीत पाव भाग स्वच्छ पाणी घालावे. बूच घट्ट लावून अर्धा मिनिट जोरात हलवावी, उलटीसुलटी करावी.

(इ) ते पाणी पंपातच ओतावे. पुन्हा अर्धा मिनिट निथळू द्यावी.

(ई) असे एकूण तीन वेळा करावे. शेवटच्या वेळी बुचाची आतली बाजू आणि बाटलीचे तोंडही पाण्याने धुवून ते पाणी पंपात घ्यावे.

(उ) तोंडावरचा चंदेरी कागदी पडदा अर्धवट फाडून ठेवू नये, पूर्ण काढावा. त्याच्या कडेला औषध साठून राहते.

धुण्याचे पाणी पंपातच घ्यायचे असल्याने पंप आधी काठोकाठ भरू नये. ड्रोनने फवारणी करून घेत असाल तर टाकी लहान असते, तेव्हा धुण्याच्या पाण्याची जागा आधीच हिशोबात धरण्यास चालकाला सांगावे.

आता कोणी म्हणेल, तीन वेळा कशाला, एकदाच भरपूर पाण्याने धुतली तर? याचे उत्तर हिशोबात आहे. एक लिटरच्या बाटलीत १० मि.ली. औषध चिकटून राहिले असे धरू. २५० मि.ली. पाण्याने एकदा धुवून ओतले तरी १० मि.ली. ओल मागे राहतेच, पण त्या ओलीत औषध सुमारे ०.३८ मि.ली. असते. दुसऱ्या वेळी ते सुमारे ०.०१५ मि.ली. होते आणि तिसऱ्या वेळी ०.०००६ मि.ली. इतके उतरते. तेच तीन वेळचे ७५० मि.ली. पाणी एकदम घालून एकदाच धुतले, तर मागे ०.१३ मि.ली. औषध राहते. म्हणजे पाणी तेवढेच, परंतु उरलेले विष दोनशे पटींहून अधिक. भांडी विसळताना घरातील स्त्रिया थोड्या थोड्या पाण्याने दोन-तीनदा का विसळतात, त्याचेच हे गणित आहे.

शिवाय ते १० मि.ली. औषध आपण पैसे देऊन घेतलेले असते. लिटरमागे शंभरावा हिस्सा बांधावर टाकण्यापेक्षा पिकावर पडलेला बरा.

दाणेदार औषधाचे पुडे धुण्याची गरज नाही. ते शेतातच उलटे करून, झटकून पूर्ण रिकामे करावेत आणि कापून ठेवावेत. हुमणीसाठी पूर्वी सर्रास वापरले जाणारे फोरेट ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाले आहे. त्याच्या रिकाम्या पिशव्या धान्य, पेंड किंवा बी भरण्यासाठी कोणी ठेवल्या असतील तर त्या तात्काळ बाजूला काढाव्यात.

५. धुतल्यानंतर काय करावे?

१) बाटलीच्या तळाला आणि बाजूला खिळ्याने किंवा विळ्याने भोके पाडावीत. भोके पडलेली बाटली पाण्याला, दुधाला, तेलाला उपयोगी पडत नाही. जीव वाचवणारी ही सर्वांत सोपी गोष्ट.

२) लेबल फाडू नये. गोळा करणाऱ्याला आत काय होते ते कळले पाहिजे.

३) बुचे वेगळ्या पिशवीत ठेवावीत. ती बहुधा वेगळ्या जातीच्या प्लास्टिकची असतात.

४) बाटल्या कोरड्या करून एका पोत्यात भराव्यात. पोत्यावर ठळक अक्षरांत 'औषधाच्या रिकाम्या बाटल्या' असे लिहून, घर, गोठा, धान्य आणि वैरण यांपासून दूर, कुलपाच्या जागी ठेवावे.

५) हे पोते भंगारवाल्याला देऊ नये. भंगारात गेलेल्या प्लास्टिकचे पुढे काय बनेल यावर कोणाचाच ताबा राहत नाही. लहान मुलाचे खेळणेही बनेल.

एकट्या-दुकट्याच्या पोत्यासाठी गाडी येणार नाही, हे खरे. पण एकरी वर्षाला चार बाटल्या धरल्या तरी पाच एकर उसाच्या वीस होतात. गावात असे दोनशे सभासद असतील तर चार हजार. एवढा माल एका ठिकाणी असेल तर औषध विक्रेता, कंपनीचा प्रतिनिधी, ग्रामपंचायत आणि कृषी सहायक यांच्यापुढे ठामपणे विषय मांडता येतो. म्हणून प्रत्येक गावाने एक छप्पर असलेली, फरशीची, जाळीची बंद जागा ठरवावी. तेथे धुतलेली आणि भोके पाडलेली बाटलीच घ्यावी, औषध असलेली बाटली घेऊ नये. माल देताना तो महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या व्यावसायिकालाच द्यावा आणि पावती ठेवावी.

ही व्यवस्था होईपर्यंत पोते कोरडे व कुलूपबंद ठेवणे हाच सुरक्षित मार्ग आहे. ठेवलेली बाटली काही मागत नाही, टाकलेली बाटली मात्र फिरत राहते.

६. हे कटाक्षाने टाळावे

*जाळणे* : पाचटाबरोबर किंवा चुलीत बाटल्या जाळू नयेत. उघड्या जाळाची उष्णता विषाचा नायनाट करण्याइतकी नसते. धुरातून विषारी वायू निघतात आणि राख जमिनीत मिसळते.

*विहीर, ओढा, आड यांत टाकणे* : पडीक आड म्हणजे कचऱ्याची जागा नव्हे. त्यातले पाणी आणि आपल्या बोअरचे पाणी खालून एकच असू शकते.

*शेतात पुरणे* : आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात खोल भेगा पडतात आणि बागायतीत पाण्याची पातळी वर असते. पुरलेले विष पाण्यापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. पुढे नांगर किंवा रोटाव्हेटर तीच बाटली तुकडे करून वर काढतो.

*सरीत तशीच सोडणे* : यंत्राने तोडणी वाढत आहे. यंत्र ऊस आणि बाटली यांत फरक करीत नाही.

*घरात वापरणे* : डिझेल, रॉकेल, बी-बियाणे यांसाठीही वापरू नये. आज डिझेल भरलेला डबा उद्या पाण्याचा होतो.

*दुसऱ्या बाटलीत औषध काढणे* : शेजाऱ्याला थोडे औषध हवे म्हणून पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत देऊ नये. अपघात अशाच बाटल्यांतून होतात.

७. ब्राझीलचा धडा

जगात सर्वाधिक ऊस पिकविणारा देश ब्राझील. तेथे २००० साली कायदा होऊन शेतकऱ्याने बाटली तीन वेळा धुवून, भोके पाडून, खरेदीपासून एक वर्षाच्या आत परत करणे बंधनकारक झाले. बाटली कोठे परत करायची ते विक्रेत्याने बिलावरच लिहून द्यायचे. तेथून पुढची वाहतूक आणि विल्हेवाट कंपन्यांनी करायची. त्यासाठी कंपन्यांनी २००१ मध्ये 'इनपेव्ह' ही संस्था काढली आणि २००२ पासून काम सुरू झाले. आज औषधाशी थेट संबंध येणाऱ्या प्लास्टिक बाटल्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक तेथे परत येतात. त्यांपासून पाईप आणि औषधांसाठीच नव्या बाटल्या बनतात. खाण्यापिण्याची भांडी मात्र बनवीत नाहीत.

यातून घेण्यासारखी गोष्ट एकच. तेथे शेतकरी, विक्रेता आणि कंपनी या प्रत्येकाला आपापले काम नेमून दिलेले आहे. एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवायचे नाही. सहकार म्हणजे तरी दुसरे काय? ऊस एकेकट्याने पिकवून आपण तो एकत्र गाळतोच ना.

८. मुळात बाटल्याच कमी कराव्यात

जी बाटली विकत घेतली नाही तिची विल्हेवाट लावावी लागत नाही. वळवाचे पाऊस पडल्यावर हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी कडुनिंब, बाभूळ, बोर यांवर जमतात. ते गावाने मिळून झाडे हलवून गोळा करून मारले तर पुढची अळीच कमी होते. प्रकाशसापळे, मेटारायझियम बुरशी, खोडकिडीसाठी ट्रायकोकार्ड यांचा वापर वाढवावा. २००२ साली लोकरी मावा आला तेव्हा सगळीकडे फवारे सुरू झाले. पुढे डिफा आणि मायक्रोमस या मित्रकिडींनीच त्याला आटोक्यात आणले. आणि जेवढे लागेल तेवढेच औषध घ्यावे. स्वस्त मिळाले म्हणून पाच लिटर घेऊन चार लिटर मुदतबाह्य करून ठेवू नये. मुदत संपलेले औषध ओतून देऊ नये, मूळ बाटलीतच बूच लावून कुलपात ठेवावे आणि विक्रेत्याशी संपर्क साधावा.

९. शंका-समाधान

*शंका* : कारखान्याच्या बॉयलरमध्ये बाटल्या टाकून मोकळे का होऊ नये?
*उत्तर* : आपला बॉयलर भुशासाठी आहे. विषारी माल जाळायला विशेष भट्टी, धूर शुद्ध करण्याची यंत्रणा आणि परवानगी लागते. अशा घातक कचऱ्यासाठी पुणे जिल्ह्यात रांजणगाव येथे स्वतंत्र केंद्र आहे. साखरेच्या कारखान्यात तो प्रयोग नको.

*शंका* : मजूर फवारणी करतो. बाटली धुण्याचे काम त्याचेच ना?
*उत्तर* : मजुरी ठरवतानाच बाटली धुवून, मोजून परत देणे ठरवावे. जेवढ्या दिल्या तेवढ्या आल्या का, हे मालकाने पाहावे. हातमोजे व साबणही मालकानेच द्यावेत.

*शंका* : चुकून कोणाच्या पोटात गेले तर?
*उत्तर* : मीठ-पाणी पाजून उलटी करविण्याच्या नादी लागू नये. काही औषधांत त्याने अपाय वाढतो. अंगावर सांडले असेल तर कपडे काढून साबण-पाण्याने धुवावे. ताबडतोब दवाखान्यात न्यावे आणि बाटली लेबलासह बरोबर न्यावी. कोणते विष आहे हे कळल्याशिवाय डॉक्टरांना नेमका उतारा देता येत नाही.

१०. विनंती

हंगामाच्या आधी प्रत्येक सभासदाने घरच्या माणसांसह एक दिवस काढून आपले बांध, पाट, विहिरीचा काठ आणि पंपाचे खोपट पाहावे. हातमोजे घालून जुने डबे-बाटल्या गोळा कराव्यात. ज्यांत औषध असेल किंवा जे न धुता वाळले असतील ते धुण्याच्या भानगडीत पडू नये, वेगळ्या पोत्यात बंद करून ठेवावेत. टोळी आल्यावर मुकादमाला गाठून, बांधावरचा कोणताही डबा पाण्याला घेऊ नये हे स्पष्ट सांगावे, आणि जमल्यास एक चांगला पाण्याचा ड्रम आपणच कोपीवर द्यावा. त्याचा खर्च एका एकराच्या फवारणीपेक्षा जास्त येणार नाही.

आपल्या शेतावर फवारलेले विष कोणाच्या ताटात, पाण्यात किंवा लेकराच्या हातात जाऊ नये, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच. या कामात गावाने पुढाकार घेतल्यास शेतकी विभागाचे कर्मचारी मार्गदर्शनास येतील. सभासदांनी आपल्या गट कार्यालयाशी संपर्क साधावा, ही नम्र विनंती.

— ऊस विकास अधिकारी